माजलगावची मासळी आणि अपुरे मोजमाप

धारूर हा बालाघाटाच्या माथ्यावरील ऊसतोड मजुरांचा तालुका. कारखान्यांच्या दूषित पाण्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. घाट उतरून तेलगावमार्गे माजलगावला गेले म्हणजे तो संबंध ध्यानात येतो. सिंदफणेवरील माजलगाव धरणात पैठणच्या जायकवाडी धरणाच्या उजव्या कालव्याचेही पाणी येते. जायकवाडीच्या नाथसागराला गोदावरीबरोबर खाम नदीही मिळते, आणि छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी व औद्योगिक वसाहतींचे दूषित पाणी ती बरोबर आणते. बीड शहर माजलगावचे पाणी पिते. भोई कुटुंबे तेथील मासळीवर जगतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांतील ५३ महाराष्ट्राचे होते आणि गोदावरीही त्यांत होती. पण ही वर्गवारी केली ती पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू खर्ची पडतो, या एकाच मापाने. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम कुजत नाहीत. सबब ते या हिशेबात येतच नाहीत. सांडपाणी शुद्ध करून हा आकडा खाली आणला की नदी यादीतून सुटते. धातू गाळात राहतात, आणि उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू कमी पडला की त्यांतले काही पुन्हा पाण्यात उतरतात.

प्राणवायू संपला तर मासे एका रात्रीत मरतात, काठावर खच पडतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, अधिकारी नमुने नेतात. धातूंचा घात असा डोळ्यांना दिसत नाही. तांब्याने कल्ल्यांना इजा होऊन श्वास जड होतो. कॅडमियम यकृतात व मूत्रपिंडात साठते. शिसे रक्त तयार होण्यात बिघाड करते व हाडांत जाऊन बसते. मासा जगतो, पण त्याची वाढ खुंटते, अंडी कमी होतात. सहकारी संस्थेने कर्ज काढून सोडलेल्या मत्स्यबीजाचे उत्पन्न घटते, आणि दोष पावसाला दिला जातो. शिवाय मोठ्या माशाचे मांस बाजारात जाते. डोकी, काटे आणि सबंध शिजवलेली बारीक मासळी गरिबाच्या ताटात येते. शिसे व कॅडमियम मांसापेक्षा याच भागांत अधिक साठतात.

जपानमधील मिनामाता येथे कोळ्यांच्या घरांत १९५६ साली आढळलेल्या आजाराचे मूळ कारखान्याच्या पाऱ्यात आहे, हे तेथील सरकारने मान्य केले ते १९६८ साली. महाराष्ट्रात कायद्यांची वाण नाही. जलप्रदूषणाचा राज्याचा कायदा १९६९ चा, केंद्राचा १९७४ चा. अन्नातील धातूंच्या मर्यादा २०११ च्या नियमांत आहेत. वाण आहे ती कारखानदाराचा वाचलेला खर्च कोणाच्या माथी पडतो, हे विचारणाऱ्या सत्तेची.

कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. तळाचे खाणारा मृगळ आणि मासे खाणारी मरळ यांचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर घ्यावेत. केवळ मांस नव्हे, यकृत, कल्ले व हाडेही तपासावीत, आणि निकाल माजलगाव व धारूरच्या तहसील कचेरीत मराठीत लावावेत. २०१७ पासूनच्या गाळयुक्त शिवार योजनेत शेतात जाणाऱ्या गाळाचीही हीच परीक्षा व्हावी. मर्यादा ओलांडल्याचे दिसले, तर त्या हंगामाचा ठेका संस्थांना माफ करून ती रक्कम वरच्या अंगाच्या प्रदूषकांकडून वसूल करावी.