बोकड राजा आणि त्याची प्रजा

आयर्लंड देशाच्या नैर्ऋत्य भागांत केरी नांवाचा डोंगराळ परगणा आहे. तेथें लॉन नदीच्या कांठीं किलॉर्ग्लिन हें लहानसें गांव वसलें आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. एरवीं या गांवाचें नांव आपल्या कानांवर येण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु दरवर्षीं ऑगस्ट महिन्याच्या १०, ११ व १२ या तारखांस तेथें जी जत्रा भरते, तिची कीर्ति दूरवर पसरलेली आहे; कारण त्या जत्रेंत एका बोकडास राजा करतात!

जत्रेपूर्वीं डोंगरांतून एक रानटी बोकड धरून आणतात. वाजतगाजत त्याची मिरवणूक निघते. गांवांतील एक शाळकरी मुलगी राणी होते व त्याच्या मस्तकीं मुकुट चढविते. मग उंच मंचावर महाराजांची स्थापना होते. जमण्याचा दिवस, बाजाराचा दिवस आणि पांगण्याचा दिवस, अशीं या तीन दिवसांचीं नांवें आहेत. घोड्यांचा व गुरांचा बाजार भरतो, रस्त्यांत गाणें-बजावणें चालतें. आणि पोटासाठीं परदेशीं गेलेले पुष्कळ गांवकरी या सुमारास घरीं परततात. बोकडास आयरिश भाषेंत 'पोक' म्हणतात. त्यावरून या जत्रेस 'पक फेअर' हें नांव पडलें.

पूर्वीं हा राजा जत्रा संपेपर्यंत उंचावरच असे. सन २०२२ च्या ऑगस्टांत उष्मा फार झाला, आणि महाराजांस खालीं उतरवावें लागलें. मुक्या प्राण्याचा असा छळ कां करावा, हा प्रश्न तत्पूर्वींही विचारला जात होता; त्या वर्षीं तो अधिक मोठ्यानें विचारला गेला. पुढें त्यास मंचावर ठेवण्याची मुदत पुष्कळ कमी करण्यांत आली. हें योग्य झालें काय? माझ्या मतें योग्य झालें. आणि त्यामुळें रूढीचा भंग झाला असेंही मला वाटत नाहीं.

या जत्रेचा इतिहासच पाहावा. सन १६१३ मध्यें पहिला जेम्स राजा यानें तिला सनद दिली. पण बोकड तिच्यांत केव्हां शिरला, हें निश्चयानें कोण सांगणार? एक कथा अशी कीं, क्रॉमवेलचें सैन्य लुटालूट करीत येत असतां एक बोकड कळपांतून निसटून गांवांत धांवत आला व त्यामुळें लोक सावध झाले. क्रॉमवेल आयर्लंडांत उतरला तो १६४९ सालीं, म्हणजे सनदेनंतर छत्तीस वर्षांनीं. दुसरी कथा याहून अलीकडची. गुरें, घोडे व मेंढ्या यांच्या बाजारावर पट्टी घेण्यास मनाई झाली, तेव्हां केरीचाच सुपुत्र डॅनियल ओकॉनेल यानें, ही बोकडांची जत्रा आहे असें जाहीर करण्याची युक्ति सुचविली, असें सांगतात. कथा खऱ्या असोत वा नसोत, त्या सांगणाऱ्या लोकांसच हें मान्य आहे कीं, बोकड हा प्रसंग पाहून जत्रेंत आला. जी रूढी माणसांनीं प्रसंग पाहून घडविली, तींत माणसांनींच प्रसंग पाहून फेरफार केला, तर बिघडलें कोठें?

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आज मुदत कमी केली, उद्यां बोकडच नको म्हणाल, परवां जत्राही नको म्हणाल. मग गांवाजवळ स्वतःचें असें काय उरलें? ज्या देशांतून पिढ्यान्पिढ्या तरुण माणसें समुद्रापार गेलीं, तेथें ही भीति अगदीं खरी आहे. परंतु परक्या देशांतून गांवकरी येतो, तो मंचाची उंची मोजण्यासाठीं येतो काय? तो येतो शेजाऱ्यास भेटण्यासाठीं, लहानपणीं ज्या रस्त्यांत नाचला त्या रस्त्यांत पुन्हां एकदां उभें राहण्यासाठीं. बोकड हें त्या भेटीचें निमित्त आहे. निमित्तास कष्ट दिल्यानें भेट अधिक गोड होत नाहीं.

शिवाय आपण त्यास राजा म्हणतों. राजा उन्हांत तहानेनें व्याकुळ व्हावा आणि प्रजेनें खालीं उभें राहून टाळ्या पिटाव्या, ही कोठली राजनिष्ठा? मुकुट दिला, तर त्याबरोबर येणारा मानही द्यावयास हवा. मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. असा फेरफार गांवानें आपल्या दयाबुद्धीनें केला, तर रूढी टिकते. बाहेरच्यांनीं केवळ कुचेष्टा केली, तर ती हट्टास पेटते. म्हणून टीका करणाऱ्यानेंही आधीं त्या जत्रेचें प्रेम समजून घ्यावें.

किलॉर्ग्लिनच्या पुलाजवळ या बोकड राजाचा कांस्याचा पुतळा आहे. त्यास ऊन लागत नाहीं, तहान लागत नाहीं. तो बारा महिने मुकुट घालून उभा असतो. ज्यांस राजा कधींच खालीं उतरूं नये असें वाटतें, त्यांनीं त्या पुतळ्यास मुजरा करावा. जिवंत राजास मात्र संध्याकाळीं डोंगराची आठवण होत असेल, हें ध्यानांत ठेवावें.