मानेखालचा वस्तरा

व्हिडिओ गेमच्या दुनियेतला सर्वांत प्रसिद्ध नायक मिशीच्या आधाराने जन्माला आला आहे. ही अतिशयोक्ती नव्हे. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीत शिगेरू मियामोतो नावाचा तरुण 'डाँकी काँग' या खेळासाठी एक सुतार काढत होता. सुतार केवढा, तर जेमतेम सोळा ठिपके उंच. एवढ्याशा जागेत तोंड काढायचे म्हणजे तांदळाच्या दाण्यावर गीता लिहिण्यापैकीच. तेव्हा त्याने नाक चांगले मोठे काढले आणि नाकाखाली मिशी चिकटवून तोंडाचा प्रश्नच निकालात काढला. डोक्यावरचे केस जमेनात म्हणून टोपी घातली. हाच गृहस्थ पुढे मारिओ या नावाने जगभर गाजला. यंत्र दरिद्री होते, पण माणसाच्या अंगावर चार केस होते.

आता यंत्र श्रीमंत झाले आहे. २०१५ साली पोलंडहून आलेल्या 'द विचर ३' या खेळात नायकाच्या डोक्यावरचा आणि दाढीचा केस न् केस वाऱ्यावर वेगळा हलवून दाखवण्याची सोय होती. लांडग्यांनाही तीच सोय. ही केसांची चैन सुरू केली की भलेभले कॉम्प्युटर धापा टाकू लागत. शिवाय त्या नायकाची दाढी काळ जाईल तशी आपोआप वाढते आणि न्हावी गाठून ती उतरवता येते. २०१८ साली आलेल्या एका घोडेस्वारीच्या खेळात तर कारागिरांनी इतकी कमाल केली, की थंडी पडली की घोड्याचा एक नाजूक अवयव आक्रसतो! हे मी चावटपणाने सांगत नाही. खेळणारी मंडळी हे डोळ्यांत पाणी आणून सांगतात, आणि ते पाणी कौतुकाचे असते.

तर मुद्दा असा, वाचकहो, की ज्या धंद्यात घोड्याच्या त्या भागाची एवढी वास्तपुस्त होते, त्या धंद्यात माणसाच्या छातीवर केस का उगवत नाहीत? या काल्पनिक राज्यांत मानेपर्यंत वाटेल तेवढे जंगल चालते. मानेखाली मात्र वस्तरा!

'गॉड ऑफ वॉर'मधला क्रेटॉस घ्या. २००५ साली तो ग्रीक देवांना बडवीत होता. २०१८ साली उत्तरेच्या बर्फात मुलाला घेऊन राहायला गेला. दाढी अशी, की तिच्यात चिमणी घरटे करील. त्या कडाक्याच्या थंडीत हा उघड्या छातीने लाकडे तोडतो, आणि छाती मात्र नव्या फ्लॅटच्या फरशीसारखी लखलखीत. त्याच्या अंगाला बायको-मुलीची राख कायमची चिकटली आहे अशी कथा आहे. अरे, पण चिकटली ती कशाला?

या विषयात 'परवडत नाही' ही सबब फार ऐकायला मिळते. केस काढणे महाग पडते, ते चिलखतातून आरपार बाहेर येतात, यंत्रावर ताण पडतो वगैरे. यात तथ्य नाही असे नाही. एकेक केस सुटा हलवायचा तर खर्च येणारच. पण छातीवरचे केस हलवायला सांगितले कोणी? त्वचेच्या चित्रावर नुसते रंगवले तरी भागते. याच क्रेटॉसच्या अंगावरचा लाल गोंदणाचा पट्टा रंगवलेला आहे, जखमांचे वण रंगवलेले आहेत. गोंदणाला बजेट आहे आणि केसांना नाही, हे आमच्यासारख्या व्हाउचर तपासणाऱ्या माणसाला पटणे कठीण. पैसा नाही असे नव्हे. पैसा कोणत्या खात्यावर टाकायचा हे आधीच ठरलेले आहे.

ते खाते कोणाचे, हे पाहण्यासारखे आहे. १९९१ साली 'स्ट्रीट फायटर २' हा मारामारीचा खेळ आला. त्यात निवडायला आठ लढवय्ये. रियू आणि केन हे नायक. त्यांच्या कुडत्याच्या गळ्यातून गुळगुळीत छाती डोकावते. आपला भारतीय म्हणून एक योगी आहे, तो तोंडातून जाळ काढतो आणि गळ्यात कवट्या घालतो, पण अंगावर लव नाही. (कवट्यांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.) छातीवर केस कोणाला? तर झँगीफ नावाच्या रशियन पैलवानाला, जो सरावासाठी अस्वलांशी कुस्ती खेळतो. आणि ब्लँका नावाच्या हिरव्या प्राण्याला, जो जंगलात वाढला आणि लोकांना चावतो. म्हणजे आठ जणांत केस मिळाले ते एका अस्वलाच्या दोस्ताला आणि एका जनावराला.

ही रीत व्हिडिओ गेमांनी शोधून काढलेली नाही, वारशाने घेतली. १९८२ साली अमेरिकेत 'ही-मॅन'ची खेळणी आली. ही-मॅन तुळतुळीत प्लॅस्टिकचा. दुष्टांच्या टोळीत मात्र 'बीस्ट मॅन' म्हणून एक नग, नखशिखांत नारिंगी केसांचा. त्याच साली 'कॉनन द बार्बेरियन' हा चित्रपट आला. बार्बेरियन म्हणजे रानटी. पण पडद्यावर आला तो अर्नोल्ड श्वार्झनेगर, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा जिंकून आलेला. त्या स्पर्धांतले लोक अंगावरचे केस काढून टाकतात, दिव्याखाली स्नायूंच्या रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून. ही त्या व्यवसायाची गरज आहे, त्यांना लखलाभ! पण तेव्हापासून कल्पित जगातला प्रत्येक योद्धा स्पर्धेच्या मंचावरून थेट रणांगणावर आल्यासारखा दिसू लागला. जो गुहेत झोपतो, हरणाचे कच्चे मांस खातो, वर्षातून एकदा नदी ओलांडताना आंघोळ करतो, त्याला छाती साफ करायला वेळ कधी मिळतो? आणि आरसा कुठला?

त्याही मागे जायचे तर ग्रीक शिल्पकारांपाशी जावे लागेल. त्यांनी संगमरवराचे वीर घडवले, त्यांच्या छातीवर केस कोरले नाहीत. लांब कशाला जा? आपल्या कॅलेंडरांवर राम कसा असतो, रावण कसा असतो, राक्षसांच्या मिशा केवढ्या असतात, हे तुम्ही किराणा दुकानात उभ्या उभ्या पाहिलेले आहे. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त तर याचा चक्क हिशोब मांडला आहे. एका रोमरंध्रात एक केस असेल तर राजा, दोन असतील तर पंडित, तीन किंवा जास्त असतील तर दरिद्री आणि दुःखी. मी स्वतःचे रोमरंध्र तपासून पाहिलेले नाही. पगारपत्रक पाहिले की अंदाज येतो.

कोणी म्हणेल, अहो, ही कल्पनेची राज्ये. तिथे एल्फ असतात, त्यांना केस नसतात, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? एल्फांबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्यांनी खुशाल गुळगुळीत राहावे. पण त्याच राज्यात माणूस नावाचीही जात असते ना? तिला घाम येतो, रक्त येते, चिखल लागतो, थंडीत तोंडातून वाफ निघते, हे सगळे वास्तव म्हणून मिरवायचे, आणि केसापाशी आले की कल्पना! समोर ड्रॅगन उभा राहिल्यावर वीराच्या अंगावर रोमांच उभे राहायचे असतील तर आधी रोम नकोत का?

एवढा त्रागा कशासाठी, असे आमच्या सौ.नेही विचारले. तिला उत्तर देण्याची गरज नव्हती, कारण उत्तर आतल्या खोलीत दार लावून बसले होते. आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या ओठावर मिसरूड फुटले, त्याचे त्यांनी आरशासमोर स्वागत केले. पुढे छातीवर आणि पाठीवर जेव्हा हीच प्रगती दिसू लागली, तेव्हा मात्र त्यांनी पोहायला जाणे बंद केले. तलावावर कोणीतरी 'अस्वल' म्हणाले होते. मग खाऊच्या पैशातून एक ट्रिमर आला. पाठीपर्यंत हात पोहोचेना म्हणून धाकटीला मदतीला बोलावले, आणि तिने पाच रुपये मागितले तेव्हा सगळा व्यवहार उघडकीला आला.

मी म्हटले, "अरे, माझ्याकडे बघ. तुझे आजोबा आठव. आपल्या घराण्यात ही ठेव पिढीजात आहे."

तो म्हणाला, "बाबा, हीरोला कुठे असतात?"

मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहून पाहिले, तर पोराचे खरे होते. तलवार घेतलेला तो तुळतुळीत आणि ज्याच्या अंगावर तलवार चालते तो केसाळ. रोज शाळा-क्लास सांभाळून दोन तास हा मुलगा केसाळ प्राण्यांना मारतो, आणि मग आंघोळीला जाऊन स्वतःच्या छातीकडे बघतो. त्या दोन तासांत त्याला कोणी काही शिकवत नाही. तेच तर वाईट. शिकवले असते तर भांडता आले असते.

आता दुसऱ्या बाजूचे लोक लगेच माझ्या गळ्यात पडतील, म्हणून त्यांनाही दूर ठेवतो. छातीवर केस म्हणजे मर्द, केस नसलेल्याचा भरवसा धरू नये, असे म्हणणारे महाभाग आपल्याकडे पारापारावर आहेत. त्यांच्याशी माझे काहीएक नाते नाही. केस हे मर्दपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ज्याच्या अंगावर नाहीत त्याचे काही अडत नाही. आमच्या कॅशियरच्या हनुवटीवर सात केस आहेत, आणि बँकेत दरोडा पडलाच तर मी त्याच्याच मागे लपणार आहे. माझे मागणे एवढेच, की केस पाहून भूमिका वाटू नका. केसाळ माणूस आला की त्याला एकतर दारू पिऊन हसवायला लावायचे, नाहीतर पुलाखाली बसवून वाटसरू खायला लावायचे, हे बंद करा. त्याला एकदा राजकन्येचे प्रेमपत्र येऊ द्या!

बायकांची दशा तर याहून बिकट. टॉल्किनने स्वच्छ लिहून ठेवले आहे, की बुटक्यांच्या बायका दिसण्यात आणि आवाजात पुरुषांसारख्याच, परक्यांना फरक कळत नाही. तरी त्यांची चित्रे काढणाऱ्यांचा हात हनुवटीपाशी थरथरतो. त्या मानाने २०२३ सालचे 'बाल्डर्स गेट ३' उदार. त्यात बाईला दाढी देता येते. इतकेच काय, आपल्या पात्राचे गुप्तांग कोणत्या प्रकारचे हवे हेही विचारतात. म्हणजे इतके खाजगी विचारताना ज्यांची जीभ अडखळली नाही, ते 'छातीवर केस किती देऊ?' हे विचारायला लाजले. शेवटी काही हौशी खेळाडूंनी स्वतःच केस तयार करून इतरांना फुकट वाटायला सुरुवात केली. तिरुपतीला लोक देवाला केस देतात. इथे भक्तांनाच देवाच्या अंगावर केस लावावे लागले.

एक खेळ मात्र मला सापडला. २०२२ सालचा 'एल्डन रिंग', जपानचाच. त्यात पात्र घडवताना अंगावरच्या केसांची एक सरकती पट्टी असते. पुरुषाला वेगळी, बाईला वेगळी अशी भानगड नाही, ज्याला हवे त्याने सरकवावी. केसांचा रंगही निवडता येतो. मी चिरंजीवांना हाक मारली. त्यांनी आधी पट्टी थोडी सरकवली, माझ्याकडे पाहिले, मग पार शेवटपर्यंत नेली. पडद्यावर एक गृहस्थ उभे राहिले, ते थेट आमच्या वडिलांसारखे. फक्त धोतर नव्हते.

अडचण पुढे आली. त्या खेळात बहुतेक सगळे वीर नखशिखांत झाकलेले, कोणी लोखंडात, कोणी झग्यात. केस दिले खरे, पण ते दिसणार कोणाला? उघड्या अंगाने खेळ सुरू करणारा त्यात एकच प्रकार आहे. त्याच्याकडे चिलखत नाही, पैसा नाही, हातात एक सोटा तेवढा असतो. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो दीनवाणा, कंगाल. वराहमिहिराने तिथेही गाठले म्हणायचे!

चिरंजीवांनी तो कंगालच घेतला. सोटा खांद्यावर टाकून ते केसाळ ध्यान माळावर निघाले, आणि दोन मिनिटांत सोनेरी चिलखतातल्या एका घोडेस्वाराने त्याला आडवे केले. पोराने पुन्हा उठवले. पुन्हा आडवा. मी जेवायला हाक मारली तेव्हा अकरावी खेप चालू होती, आणि पट्टी अजून शेवटच्याच टोकाला होती.