सही करण्याआधी हे विचारा

पोटातल्या महाधमनीला आलेल्या फुगवट्याची शस्त्रक्रिया ठरली की आपली माणसं दोनच गोष्टी विचारतात: जीव वाचेल ना आणि खर्च किती? त्या धमनीला लगटून जाणाऱ्या मज्जातंतूंचं काय होणार, हे कुणी विचारत नाही. पुष्कळदा डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत. हे मौन मोडायला हवं.

मी गोव्यातल्या पेडण्याची. ऑपरेशन थिएटरमधली नोकरी करून निवृत्त झाले. महाधमनी बेंबीच्या आसपास दुभागते आणि तिथेच, तिच्या पुढ्यात, बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. पुरुषाचं वीर्यस्खलन त्यांच्यावर अवलंबून. ते तुटले तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ओटीपोटाला रक्त पुरवणाऱ्या आतल्या धमन्या बंद झाल्या तर ताठरताही जाऊ शकते. म्हणून जाणता सर्जन महाधमनी उजव्या अंगाने उघडतो, डावीकडच्या ऊती गरजेपेक्षा जास्त सोडवत नाही, दुभागापाशी विजेचा चटका जपून देतो आणि आतल्या धमन्यांपैकी निदान एक तरी वाहती ठेवायला बघतो. पोट न उघडता जांघेतून स्टेंट घालता आला तर हे तंतू बहुधा वाचतात; आतल्या धमन्यांची काळजी मात्र तिथेही घ्यावीच लागते.

डिचोलीकडचा एक ट्रकवाला शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी फाइल घेऊन माझ्याकडे आला. रिपोर्ट उत्तम होते. बायको माझ्या सुनेबरोबर आत गेली तेव्हा कुठे त्याने विचारलं, "सिस्टर, हें असेंच उरतलें?" (हे असंच राहणार?) इंग्रजी संमतीपत्रावर त्याची सही होती. हा धोका तोंडाने त्याला कुणीही सांगितला नव्हता.

फुगवटा फुटून आलेल्या रुग्णाशी चर्चा करत बसायची नसते; तिथे जीव आधी. पण पुरुषांत ठरवून केली जाणारी शस्त्रक्रिया साधारणपणे फुगवटा साडेपाच सेंटिमीटरचा झाल्यावर होते. तोवर सोनोग्राफी करून त्यावर लक्ष ठेवतात. बोलायला वेळ नव्हता, ही सबब इथे चालणार नाही.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितलं की उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला पुरेसे समजावून संमती घेतली पाहिजे. अगदी दुर्मीळ धोके सांगण्याची सक्ती त्यात नाही. पण हा धोका दुर्मीळ नव्हे.

रुग्णाला आधी विचारणं सर्जनच्याही हिताचं आहे. बिडी-सिगारेट, मधुमेह, रक्तदाब यांमुळे अनेकांना ताठरतेचा त्रास शस्त्रक्रियेपूर्वीच असतो. त्याची नोंद नसेल तर नंतर सगळा दोष सुरीवर येतो. मूल हवं असणाऱ्या तरुणाला वीर्य साठवून ठेवण्याचा पर्यायही वेळेत सांगता येतो.

गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने (गोमेकॉने) आणि खासगी इस्पितळांनी या शस्त्रक्रियेसाठी कोकणी-मराठीत एक पानाची माहिती छापावी आणि ती वाचून दाखवायची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. खर्च कागदाचा, तेवढाच.

आणि वाचकहो, तुमच्या घरात अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर नवरा-बायको मिळून सर्जनसमोर बसा. हे तंतू आणि आतल्या धमन्या तुम्ही कशा वाचवणार, हे स्पष्ट विचारा. उत्तर समजलं की मगच सही करा.