व्यसनाची कहाणी कशी वाचावी?

बिली हॉलिडे ही अमेरिकेतील जॅझ संगीताची थोर गायिका. तिचे ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे आत्मकथन पत्रकार विल्यम डफ्टी यांच्या मदतीने १९५६ साली प्रसिद्ध झाले. हालाखीचे बालपण, वर्णद्वेषाचे चटके, दारू आणि हेरॉइनचे व्यसन, तुरुंगवास हे सारे त्यात आहे. पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनी, १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात तिचा अंत झाला. यकृत पार खराब झाले होते. त्या अखेरच्या आजारातही अमली पदार्थ बाळगल्याबद्दल तिला खाटेवरच अटक झाली आणि खोलीच्या दाराशी पोलीस बसला. विशेष म्हणजे पुस्तक निघाले त्याच १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अतिमद्यपान हा आजार असल्याचे मान्य केले होते. शास्त्राने आजार म्हटले, पण समाजाने गुन्हाच मानला.

जॅझशी आपला फारसा परिचय नसेल, पण या जातीचे पुस्तक मराठीत आहे आणि ते आपल्या पुण्यातूनच निघाले आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन ‘माणूस’मधून वाचकांपुढे आले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपाने काढले. त्याचे नाव १९५९ च्या त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले. श्याम बेनेगल यांचा १९७७ चा ‘भूमिका’ हा चित्रपट याच पुस्तकावर आधारलेला असून त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट अनेकांनी पाहिला, मूळ पुस्तक मात्र त्या मानाने थोड्यांनी वाचले. वाचले त्यांनीही ते कसे वाचले, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

वाचण्याच्या तीन चुकीच्या रीती

पहिली रीत चवीने वाचण्याची. नटीचे आयुष्य, त्यात दारू आणि पुरुष, म्हणजे चघळायला विषय. दुसरी रीत बोट दाखवण्याची: ‘बघा, असे वागले की असे होते!’ असे म्हणून आपण पुस्तक मिटतो आणि आपल्या घरात असले काही नाही, या समाधानात झोपी जातो. तिसरी रीत मला सर्वांत घातक वाटते. ‘कलावंत म्हटला की व्यसन असायचेच, त्याशिवाय का तो सूर लागतो, तो अभिनय होतो!’ असे कौतुकाने म्हणण्याची ती रीत.

हे तिसरे मत साफ खोटे आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे. पं. भीमसेन जोशी यांना एके काळी मद्याचे व्यसन होते, ही गोष्ट जगजाहीर आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते सोडले. त्यानंतरही दोन तपांहून अधिक काळ ते गात राहिले, सवाई गंधर्व महोत्सव गाजवत राहिले. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. तिकडे अनिता ओडे ही जॅझ गायिका अनेक वर्षे हेरॉइनच्या विळख्यात होती. त्यातून ती सुटली, १९८१ साली तिने आपली कहाणी लिहिली, पुढेही गात राहिली आणि २००६ साली ८७ व्या वर्षी वारली. व्यसनाने गळा गोड झाला असता तर व्यसन सुटल्यावर तो बसायला हवा होता. तसे झाले नाही. कला टिकली ती व्यसन असूनही, व्यसनामुळे नव्हे.

मग वाचावे कसे?

डॉक्टर रुग्णाची हकिकत जशी ऐकतो, तसे वाचावे. डॉक्टर ‘का प्यालास?’ असे दरडावत नाही. केव्हापासून, किती, काय घडल्यावर, सोबत कोण होते, हे विचारतो. ‘सांगत्ये ऐका’ या प्रश्नांची उत्तरे देणारे पुस्तक आहे. घर चालवण्यासाठी कोवळ्या वयात कामाला जुंपलेली मुलगी, कमावती असूनही कमाईवर हक्क नाही, वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषाशी संसार, मातृत्वाची ओढ आणि तिची झालेली परवड. १९४१ साली ‘प्रभात’च्या ‘संत सखू’त हंसाबाईंनी सासरी कोंडून ठेवलेली सखू रंगवली. पुढे त्यांच्यावर खरोखरच मराठवाड्यातील एका गावी घराबाहेर पडण्याचीही मोकळीक नसलेले जिणे जगण्याची पाळी आली. पडद्यावरच्या सखूला पंढरपूर भेटले, हंसाबाईंना मात्र बाटलीचा आधार वाटला. पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्या गेल्या.

याचा अर्थ दुःख आहे म्हणून दारू क्षम्य ठरते, असा नाही. दुःख अनेकांना असते, पण सारेच व्यसनी होत नाहीत. व्यसन जडण्याच्या शक्यतेत सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेला बालपणीचे आघात, भोवतालची माणसे, सहज मिळणारी दारू आणि मनाचे न ओळखलेले आजार यांचा. उदासपणा घालवण्यासाठी माणूस पितो. दोन घोट घेतले की तासभर बरे वाटते. पण दारू मेंदूला मंदावणारी आहे. ती उतरली की उदासी आणि धास्ती दुप्पट होऊन येते, झोप तुटते आणि सकाळी त्यावर उतारा म्हणून पुन्हा तीच लागते. हे चक्र एकदा फिरू लागले की ‘मनावर घे म्हणजे सुटेल’ हा सल्ला पाय मोडलेल्याला ‘धाव’ म्हणण्यासारखा ठरतो.

स्त्रियांबाबत आणखी एक गोष्ट आहे. सारख्याच वजनाच्या पुरुषाइतकीच दारू घेतली तरी स्त्रीच्या रक्तात तिचे प्रमाण जास्त होते, कारण शरीरातील पाण्याचा अंश कमी आणि जठरात दारूचे विघटन करणारे विकरही कमी. त्यामुळे यकृताची आणि हृदयाची हानी कमी वर्षांत होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. टक्केवारी लहान दिसते, म्हणून ‘आपल्याकडे बायका पीत नाहीत’ असे समजून आपण मोकळे होतो. ज्या पितात त्या लपून पितात. लाजेपायी दवाखान्यात येतच नाहीत, आणि आल्या तर कावीळ होऊन, पोटात पाणी झाल्यावर येतात.

घरच्यांनी काय करू नये

घरात व्यसनी माणूस असला की तीन उपाय हमखास होतात: शपथ, मार आणि पुडी. शपथ दोन दिवस टिकते आणि मोडली की माणूस स्वतःच्या नजरेतून आणखी उतरतो. माराने व्यसन सुटल्याचे मी पाहिलेले नाही. राहिली पुडी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण वाचतो. त्या पुडीत काय आहे हे सहसा लिहिलेले नसते. काही घरांत डायसल्फिरामची गोळी चहात किंवा भाजीत मिसळून दिली जाते. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणे, ओकाऱ्या, रक्तदाब एकदम उतरणे असे प्रकार होतात आणि क्वचित जीवही जातो. ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. रोज भरपूर पिणाऱ्याला घरी कोंडून एकदम दारू बंद करू नये. सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, ते बरळतात, ताप चढतो. हे ‘भूत लागणे’ नव्हे. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची अवस्था आहे. योग्य औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व वेळेवर मिळाले तर माणूस सुखरूप पार पडतो.

आपले पिणे व्यसनाच्या वाटेवर आहे का, हे पाहण्यासाठी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पिणे कमी केले पाहिजे असे कधी वाटले का? कोणी पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन उत्तरे ‘हो’ असतील तर डॉक्टरांना भेटायला उशीर करू नये. चरबी साठलेले यकृत दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत सुधारू लागते. एकदा ते निबर होऊन आक्रसले की मात्र पूर्वस्थितीला येणे कठीण.

मदत कोठे मिळेल?

हंसाबाईंच्या काळी पुण्यात अशा रुग्णासाठी वेगळी जागा नव्हती. आज आहे. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला मोठे साहाय्य झाले. तेथे पस्तीस दिवस राहून उपचार घेता येतात. स्त्री रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे आणि व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांनाही समुपदेशन मिळते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही पुण्यात मराठीतून भरतात. त्यांना पैसे पडत नाहीत. दूरच्या गावी असणाऱ्यांनी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर फोन करावा. मराठीत बोलता येते.

व्यसन पुन्हा उलटू शकते, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, औषध बदलतो. येथेही तसेच वागावे. मात्र त्याच्यासाठी खोटे बोलू नये, त्याचे कर्ज फेडू नये आणि मुलांच्या अंगावर हात उगारला तर गप्प बसू नये. आजारी म्हणणे म्हणजे मोकळे रान देणे नव्हे.

माझे मत असे, की ‘सांगत्ये ऐका’सारखी पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत कपाटाच्या मागच्या रांगेत न ठेवता पुढे ठेवावीत. ज्या घरात ‘आपल्याकडचे’ कोणी पिते आणि ज्याविषयी कोणीच बोलत नाही, त्या घरात तर ते अवश्य जावे. त्या काळच्या एका बाईने लोकलाजेची पर्वा न करता आपले सारे सांगून टाकले. सांगणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. पण आपल्या घरातले असे माणूस बोलू लागले, तर निदान अर्धा तास मध्ये न बोलता ऐकावे. बरे होण्याची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.