फॉरवर्ड करणाऱ्यांचा भयपट

इंटरनेट आणि सोशल मीडियावरच्या भयपटांना आपल्याकडचे जाणते प्रेक्षक दोन आक्षेप घेऊन बाजूला सारतात. एक, हे परदेशी खूळ आहे. भूत पडक्या वाड्यात किंवा पिंपळाखाली शोभते, व्हिडिओ कॉलवर नाही. दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा आणि म्हणून अधिक गंभीर आहे. जिथे आजही जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली जातात, तिथे फोनमध्ये भूत बसवणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे, असे ते म्हणतात. मला दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. कारण बेंगळुरूच्या अलीकडच्या इतिहासात सापडेल.

नव्वदच्या दशकात या शहरात अफवा उठली की रात्री एक चेटकीण फिरते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते आणि दार उघडले की माणूस जातो. लोकांनी दारांवर कन्नडमध्ये ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. तेव्हा हे सारे तोंडातोंडी पसरले. 2012 च्या ऑगस्टमध्ये हातात मोबाइल होते. आसामात कोक्राझारची दंगल झाली होती. ईशान्येकडच्या लोकांवर इथेही हल्ले होणार, असे एसएमएस फिरले. हजारो विद्यार्थी, सुरक्षारक्षक आणि हॉटेल कामगार सामान घेऊन सिटी स्टेशनवर जमले. रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या आणि केंद्राने पंधरा दिवस एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घातली. मेसेजमधून येणारे भय परदेशातून आणावे लागते, असे या शहरात तरी कुणी म्हणू नये.

विवेकवाद्यांना उत्तर द्यायचे तर 2018 कडे यावे लागते. कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेसाठी जनजागृतीची एक छोटी फिल्म बनली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारे एक मूल उचलतात आणि पळतात. थोड्याच वेळात परत येऊन मूल सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात: कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी शेवटचा भाग कापून टाकला. मग मूल परत न येणारी फिल्म उरली आणि ती मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून भारतभर व्हॉट्सअॅपवर फिरली. बाकीचे काम तिच्यासोबतच्या इतर मेसेजनी केले. 23 मे रोजी बेंगळुरूच्या चामराजपेटेत राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला जमावाने दोरीने बांधून ठार मारले. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. 13 जुलैला बीदर जिल्ह्यात मुर्कीजवळ हैदराबादचा एक इंजिनिअर असाच मारला गेला.

या जमावांना भुताची गरज पडली नाही. त्यांचा विश्वास व्हिडिओवर होता, म्हणजे ज्याला आपण पुरावा म्हणतो त्यावर. भूत नसते हे शिकवून या रोगावर उतारा पडणार नाही. डोळ्यांनी पाहिलेले चित्र कसे कापले जाते आणि ते पाहून आपला हात कसा उठतो, हे अनुभवायला लावणारी कला हवी. बातमी वाचताना आपण मृताची कीव करतो आणि पान उलटतो. भयपटच प्रेक्षकाला जमावात उभे करू शकतो.

हिदेओ नाकाता यांच्या 1998 च्या ‘रिंगू’मध्ये हे आधीच घडले आहे. शापित टेप पाहिलेली नायिका वाचते, कारण तिने प्रत काढून दुसऱ्याला दाखवलेली असते. आपला जीव वाचवायचा तर दुसऱ्याकडे पाठवा, असा त्या शापाचा नियम आहे. ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’ हे तेच. असे चित्रपट लवकर जुने होतात असेही म्हणतात. व्हीएचएस गेली खरी, आणि ‘अनफ्रेंडेड’ या भयपटाचा सारा खेळ ज्या स्काइपवर चालतो तेही 2025 च्या मे महिन्यात बंद झाले. नियम मात्र चालूच आहे.

आक्षेपकांचे एक म्हणणे मी मान्य करतो: या प्रकारातले पुष्कळ चित्रपट आळशी असतात. फोन आपोआप पेटतो, कॅमेऱ्यात पांढरा चेहरा येतो, किंकाळी, संपले. राईनपाड्यानंतर दोनच महिन्यांनी, 31 ऑगस्ट 2018 ला ‘स्त्री’ आला. ‘नाळे बा’ची दंतकथा त्याने चंदेरीला नेली आणि रंगतदार सांगितली, पण तिथे चेटकीण खरी निघते. बेंगळुरूत खरी होती ती फक्त दारावरची अक्षरे आणि ती लिहिणारे शेजारी. 2024 चा ‘सीटीआरएल’ भुताशिवाय भीती निर्माण करतो. दोष मात्र अॅपच्या कंपनीवर जातो, ते वापरणारी मुलगी बळीच राहते.

मला हवा असलेला चित्रपट पवन कुमार यांच्या ‘यू टर्न’जवळचा आहे. 2016 च्या या कन्नड भयपटात इंटरनेट नाही. डबल रोडच्या उड्डाणपुलावर वळण घेता यावे म्हणून दुचाकीस्वार दुभाजकाचे दगड सरकवतात, दगड रस्त्यातच सोडून जातात आणि कुणाचा तरी जीव जातो. तिथले भूत हिशेब मागते तो या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीचा. मेसेज पुढे ढकलणे हा तसाच सरकवलेला दगड आहे. ते दाखवणारा चित्रपट कन्नडमध्ये किंवा मराठीत माझ्या पाहण्यात नाही.

तो कुणीतरी करावा. निर्माते मिळणार नाहीत ही सबब या शहरात चालत नाही, कारण पवन कुमार यांच्या 2013 च्या ‘लूसिया’साठी सामान्य प्रेक्षकांनी इंटरनेटवरून वर्गणी दिली होती. चामराजपेट किंवा राईनपाड्यावर असा चित्रपट करायला कुणी पुढे आले, तर वाचकांनीही आपला वाटा उचलावा.