सप्ताहाच्या मंडपातली ती टिंगल



समलिंगी व्यक्तींविषयी धर्माच्या माणसांनी मत बदललं की आपल्याकडे ‘धर्म बुडाला’ अशी ओरड तरी होते, नाहीतर ‘मतांसाठी चाललंय’ म्हणून नाक मुरडलं जातं. मला दोन्ही पटत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा अनेक धर्मांचे पुढारी खूश होते. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी मात्र या माणसांना गुन्हेगार मानू नका, असं सांगितलं. त्यात कुठली मतं होती? सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला देत, ही माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, असं म्हटलं. दोनच महिन्यांनी संघाने समलिंगी विवाहाला विरोध केला, हेही खरं. पाऊल अर्धंच पडलं; पण पुढे पडलं.

आमच्या रोहा-पेणकडे मात्र मतं पुढाऱ्यांच्या मुलाखती वाचून बनत नाहीत, हरिनाम सप्ताहाच्या मंडपात बनतात. आणि तिथे रात्री श्रोते पेंगायला लागले की काही कीर्तनकार महाराज हमखास ‘बायल्या’वर विनोद करतात. (समलिंगी असणं म्हणजे बायकी असणं नव्हे, हे त्यांना कोण सांगणार!) हेच महाराज गौळण गाताना स्वतः गोपी होतात. लुगडं नेसून भारूड करणाऱ्या पुरुषाला आपण डोक्यावर घेतो, विठ्ठलाला माउली म्हणतो. मग पखवाजाशेजारी टाळ धरून उभ्या असलेल्या एखाद्या समलिंगी पोराने मान खाली का घालावी?

‘परंपरेत बसत नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हाही सनातनी हेच म्हणत होते. आज एकही कीर्तनकार त्या सनातन्यांची बाजू घेत नाही. उलट अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांवर ते तासभर निरूपण करतात.

समलिंगी लग्नाचा कायदा संसदेने बघावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंच आहे. सप्ताह कमिट्यांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. महाराजांची तारीख आणि बिदागी ठरवतानाच हा विनोद नको, एवढं स्पष्ट सांगावं. त्यावर कुणी महाराज रुसून येणार नसतील, तर त्या रात्री आम्ही गावकरी आमचं भजन करू.

– एक वारकरी, खांब (ता. रोहा, जि. रायगड)