चोथ्याची बाजू

चंदीगडहून शिमल्याच्या रस्त्याला लागलं की हिमाचलची हद्द सुरू होताच परवाणू येतं. हिमाचल सरकारच्या फलोत्पादन महामंडळाचा, म्हणजे एचपीएमसीचा, सफरचंदाचा रस आटवण्याचा कारखाना इथे आहे. गारांनी ठेचलेली, डागाळलेली, बारक्या आकाराची सफरचंदं सरकार बाजार हस्तक्षेप योजनेत बागायतदारांकडून घेतं आणि ती रसासाठी इथे येतात. रस निघाला की फळाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा मागे उरतो: साल, गराचा गाळ, बिया, देठ. चंदीगडच्या दुसऱ्या अंगाला, पंजाबात होशियारपूर आणि अबोहरला, किन्नू या संत्र्यासारख्या फळाचा रस काढतात. तिथे साल, पडदे आणि बिया मिळून जवळजवळ अर्धं फळ शिल्लक राहतं. हा चोथा त्यातल्या फायबरसाठी, म्हणजे तंतुमय भागासाठी, वाळवून, दळून माणसाच्या खाण्यात आणावा, असं माझं ठाम मत आहे. त्यावरचे आक्षेप उथळ नाहीत, म्हणून एकेकाला उत्तर देतो.

कारखान्याचा कचरा लोकांच्या ताटात वाढू नका, हा पहिला आक्षेप. पण प्रेसमधून बाहेर पडतो त्या घटकेला चोथा रसाइतकाच स्वच्छ असतो. फळ तेच, धुणं तेच, यंत्र तेच. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी आणि बरीचशी साखर उरलेली असते, त्यामुळे उघड्यावर ढीग पडला की एक-दोन दिवसांत तो आंबतो, बुरशी धरतो. तो कचरा होतो तो आपण पडू दिल्यामुळे.

या आक्षेपात एक खरी गोष्ट मात्र आहे, आणि चोथ्याचे समर्थक ती टाळतात. सफरचंदाच्या बागेत हंगामभर फवारण्या होतात आणि त्यांचा अंश सालीवर राहतो. चोथा वाळला की पाणी जातं, अंश मागे राहतो. शिवाय कुजक्या सफरचंदावरच्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं; रसात ते किलोमागे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा आहे. गारांनी साल फाटलेल्या फळात बुरशी सहज शिरते, म्हणजे धोका नेमका याच स्वस्त मालात जास्त. बियांत अमिग्डालिन असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं, तेव्हा बिया वेगळ्या काढायलाच हव्यात. माझ्या दृष्टीने हे चोथा नाकारण्याचं कारण नाही. खर्च कुठे करायचा ते यातून कळतं: फळ निवडण्याच्या पट्ट्यावर, धुण्याच्या हौदावर आणि प्रत्येक घाण्याच्या तपासणीवर. तिथे हात आखडला तर पुढचं महागडं यंत्रही उपयोगाचं नाही. आणि ही निवड नीट झाली तर रसही सुधारतो.

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. फळच खा ना; आधी फायबर काढायचं, मग भुकटी करून बिस्किटात घालायचं, हा कुठला मार्ग? जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगितलं, तेही अन्नात मुळातच असलेलं. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात जास्त फायबर खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसलं, पण ती माणसं मुख्यतः धान्य, डाळी, भाज्या, फळं खाणारी होती. त्या आकड्यांवर भुकटीला हक्क सांगता येणार नाही. ज्याला अख्खं सफरचंद परवडतं त्याने ते सालीसकट खावं. त्याला या भुकटीची गरज नाही.

पण परवाणूला येणारी फळं बाजारात कुणी घेत नाही म्हणून तिथे येतात. ती रसासाठीच दळली जाणार, फायबर त्यातून वेगळं होणारच. वेगळं झालेलं फायबर सडू द्यायचं की खाण्यात आणायचं, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो. आणि आपल्या शहरांत मैद्याचा पाव, टोस्ट, बिस्किटं यांच्यावर दिवस काढणारी माणसं थोडी नाहीत. त्यांच्या पावात सफरचंदाचं पेक्टिन आणि सेल्युलोज गेलं, तर अख्खं फळ खाल्ल्याइतकं नसलं तरी आज मिळतं त्यापेक्षा ते बरंच आहे.

गुरांना घाला, हा तिसरा सल्ला. जरूर घालावा, पण माणसाच्या खाण्यातून वगळलेला, बुरशी न धरलेला भाग. ताज्या चोथ्यात प्रथिनं अगदी कमी आणि पाणी भरपूर. तो लांब वाहून नेणं म्हणजे ट्रकभर पाण्याचं भाडं भरणं.

खरा अडसर वाळवण्याच्या खर्चाचा आहे. एक टन चोथ्यात 75 टक्के पाणी धरलं, तर दळण्याजोगा कोरडा माल जेमतेम पावणेतीनशे किलो मिळतो; सव्वासातशे किलो पाणी हाकलावं लागतं. उन्हाचा आधार नाही. सफरचंदाचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि किन्नूचा ऐन धुक्यात, डिसेंबर-जानेवारीत येतो. कोकणातल्या हापूस कॅनिंगवाल्यांना हे सांगायला नको. साल-बाठ्यांचे ढीग लागतात आणि पाठोपाठ पाऊस उभा राहतो. म्हणून ड्रायर कारखान्यातच हवा, आणि त्याआधी चोथ्याला दुसरा दाब देऊन जमेल तेवढं पाणी पिळून काढायला हवं. रस आटवणाऱ्या कारखान्यात बॉयलर असतोच. वाया जाणारी उष्णता हवा तापवायला घेता येते. उष्णता साठ अंशांच्या आसपासच ठेवावी, नाहीतर भुकटी काळी पडते.

इथे चंदीगडची जागा कामाची ठरते. सफरचंद संपतं तेव्हा किन्नू सुरू होतो. दोन्हीकडचा कोरडा, भरडलेला माल एकाच ठिकाणी दळता, चाळता आणि तपासता आला, तर त्या यंत्रांना दोन हंगाम मिळतात. मोहालीत नाबी ही शेती-अन्न क्षेत्रातली केंद्रीय संस्था आहे; तिच्या शेजारची सीआयएबी आता तिच्यातच विलीन झाली आहे. सीआयएबीची स्थापनाच शेतमालाच्या उरलेल्या भागातून उपयोगी वस्तू काढण्यासाठी झाली. किन्नूचा प्रश्न अवघड आहे. त्याच्या सालीत नॅरिंजिन आणि बियांत लिमोनिन, दोन्ही कडू. गरम पाण्याने धुतलं तर कडूपणा जातो, पण विरघळणारं पेक्टिनही थोडं वाहून जातं. हा तोल कुठे साधायचा, ते प्रयोगशाळेने कारखान्यात उभं राहून ठरवावं. बाटलीतल्या नमुन्यावर ते ठरत नाही.

आता आमच्याच बाजूच्या लोकांना सांगतो. मैद्यात दहा टक्के भुकटी घातली आणि त्या भुकटीत निम्मं फायबर असलं, तर शंभर ग्रॅम पिठात पाचच ग्रॅम वाढतात. त्याहून जास्त घातलं की पाव फुगत नाही, बिस्किट दगडासारखं होतं, कारण फायबर पाणी शोषून घेतं आणि ग्लुटेनची जाळी तोडतं. आपल्या नियमांत शंभर ग्रॅममध्ये 3 ग्रॅम फायबर असलं की 'फायबरचा स्रोत' आणि 6 ग्रॅमला 'भरपूर फायबर' असं छापता येतं. साखर आणि तूप ठासून भरलेलं बिस्किटही ही अट सहज पार करेल. अशा वेष्टनांसाठी मी हे समर्थन करत नाही. ही भुकटी आधी साध्या पावात, रोजच्या पिठात जावी.

पहिलं गिऱ्हाईक सरकारी असावं. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, पंजाब विद्यापीठाच्या वसतिगृहांत रोज ब्रेड लागतो. त्यांनी वर्षभराची मागणी लेखी दिली, ब्रेडच्या पिशवीवर भुकटीचं प्रमाण आणि घाण्याच्या तपासणीचा निकाल छापायची अट घातली, तर परवाणूला ड्रायरसाठी कर्ज काढायला कारण मिळेल.